वसईच्या घंटा, देवळोदेवळी

नाशिक, मेणवली, भीमाशंकर, पाली, थेऊर, जेजुरी. ही नावं एका दमात घेतली की ऐकणाऱ्याला वाटतं, यात्रेची यादी चाललीय. वसईच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला त्या यादीत आणखीही काही ऐकू येतं. या प्रत्येक ठिकाणी फिरंगी घडणीची एखादी मोठी घंटा आहे, आणि ती १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. चिमाजीअप्पांच्या फौजेनं वसई घेतली, चर्चच्या मनोऱ्यांतल्या घंटा उतरवल्या आणि पुढे त्या ठिकठिकाणच्या देवस्थानांना वाहिल्या गेल्या. आमची आजी ही सगळी हकीकत एका वाक्यात सांगायची : "आपल्या देवळांच्या घंटा पेशव्यांनी नेल्या." त्या बोलण्यात राग नसायचा. लेक लांबच्या गावी दिली की आई जशी तिच्याबद्दल बोलते, तसा काहीसा सूर असायचा.

गेली काही वर्षं सवड मिळेल तसा मी या घंटांच्या गावी जातो. त्या बघताना काय वाटेल, याचा अंदाज मला निघण्यापूर्वी नव्हता.

पहिल्यांदा बघायला हवा तो किल्ला. वसई रोड स्टेशनावर उतरलं की बस किंवा रिक्षा किल्ल्यापर्यंत नेते. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथून चालला. तटाच्या आत एक अख्खं शहर होतं आणि त्या शहरात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक संघाचं आपापलं चर्च होतं. आज बहुतेकांना छप्पर नाही. संत अंतोनीच्या चर्चमध्ये चालताना पायाखाली थडग्यांच्या शिळा येतात. त्यांवरची घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं अजून लागतात. संत जोसेफच्या कॅथेड्रलचा मनोरा अजून ताठ उभा आहे. त्याच्या पोटात वळत जाणारा अरुंद जिना आहे, आणि वर जाऊन पोचलं की कमानीतून खाडी दिसते, ताडामाडांची रांग दिसते. कमान रिकामी आहे. ती कशासाठी बांधलेली होती ते मात्र बघताक्षणी कळतं.

चर्चसाठी घंटा म्हणजे काय, हे आमच्या बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. जुन्या रीतीप्रमाणे नवी घंटा मनोऱ्यावर चढवण्याआधी बिशप स्वतः तिला मंतरलेल्या पाण्यानं आतून-बाहेरून धुतात. मग तिला पवित्र तेल लावतात, तिच्या पोटाखाली धूप जाळून धूर आत कोंडू देतात. तिला एखाद्या संताचं नाव देतात. लोक तर याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणतात. त्यानंतर ती घंटा सकाळ, दुपार आणि संध्याकाळ गब्रिएल दूतानं मरियेला दिलेल्या निरोपाची आठवण करून देते, मिस्साला बोलावते, गावात कुणी गेलं की त्याची वर्दी देते. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत ती मुकी राहते, आणि तेवढ्यात तिची जागा लाकडी खुळखुळा घेतो. पाणी, तेल, धूप, नाव, मौन. यातलं काहीही हिंदू वाचकाला परकं वाटू नये. देवळात पोचण्यापूर्वी या घंटांचा एक अभिषेक झालेला होता, एवढाच याचा अर्थ.

१७३९ चा वेढा भयंकर होता. फेब्रुवारीत सुरू झालेली लढाई मे महिन्यात सुरुंग लावून तट फोडण्यापर्यंत आली, आणि त्या शेवटच्या दिवसांत दोन्हीकडची माणसं मोठ्या संख्येनं मेली. १६ मे रोजी तह झाला. पोर्तुगीज शिबंदीला मानानं बाहेर पडू दिलं गेलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. आमचे पूर्वज मागे राहिले ते त्या तहाच्या आधारानं. त्यांची भाषा, शेती, केळीच्या बागा, भाजीचे वाफे सगळं इथलंच होतं, जाणार कुठे? हा तह मला घंटांइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि वसईच्या विजयाच्या कथा सांगताना तो गाळला जातो याचं मला वाईट वाटतं.

घंटांचं दुसरं काय होऊ शकलं असतं, तेही इथेच सांगायला हवं. त्या काळच्या युरोपात शहर पडलं की चर्चच्या घंटांवर जिंकणाऱ्या तोफखान्याचा हक्क असे. शहराला पैसे भरून त्या सोडवाव्या लागत, नाहीतर त्या वितळवल्या जात. घंटेतही तांबं आणि कथील, तोफेतही तांबं आणि कथील, फक्त प्रमाण वेगळं. मराठ्यांना तोफांची गरज काही कमी नव्हती. तरीही एवढं मोलाचं ओतकाम मुशीत न जाता देवापुढे गेलं. जिंकलेली वस्तू असली तरी ती देवाची आहे, हे कुणालातरी कळलं होतं.

नाशिकची घंटा सगळ्यांत प्रसिद्ध. मोठ्या आवाजाच्या कशालाही "नारोशंकराची घंटा" म्हणणारे लोक मी लहानपणापासून ऐकले आहेत. पंचवटीत गोदावरीच्या काठाला लागून सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेलं रामेश्वर महादेवाचं देऊळ आहे. लोक त्याला बांधणाऱ्याच्याच नावानं ओळखतात. देवळाभोवती तट आहे, आणि नदीकडच्या अंगाला तटावरच्या छत्रीत ही घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. म्हणजे वसई पडली तेव्हा ही घंटा अठराच वर्षांची होती. तिचं बहुतेक सगळं आयुष्य गोदावरीवर गेलं आहे. नाशिककर पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीवरून मोजतात आणि त्या मापाच्या गप्पांत ही घंटाही हमखास येते. मी गेलो तेव्हा खालच्या घाटावर भाजी, भांडी, कपडे यांचा बाजार भरला होता. फुलं विकणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, ही घंटा कुठली. "वसईची. बाजीरावाच्या भावानं आणलेली," त्या म्हणाल्या. मी वसईचा, हे सांगितल्यावर त्यांनी क्षणभर माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तुमच्या गावचीच की! वर जाऊन बघा की दादा, खालून काय दिसतंय."

नाशिकला गेलेल्या ख्रिस्ती माणसानं शरणपूर न पाहता परत येऊ नये. आज तो शहरातला गजबजलेला भाग आहे, पण एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं ती वस्ती वसवली तेव्हा ती खरोखरच शरण आलेल्यांसाठी होती. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रजी आरमार पकडायचं. त्यांतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना इथे ठेवलं जाई, लिहायला-वाचायला आणि सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवले जात. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात मरण पावला, तेव्हा जेकब त्याच्या माणसांत होता. त्यांनी लिव्हिंगस्टनचं हृदय तिथल्याच झाडाखाली पुरलं, जेकबनं अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरं कोरली. मग ते सगळे तो देह खांद्यावर घेऊन महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत आले. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनला पुरलं, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा तरुण होता. रेव्हरंड टिळकांचं आणि लक्ष्मीबाईंचं नाशिक मराठी वाचकाला माहीत असतं. लक्ष्मीबाईंचा शेवटही १९३६ मध्ये नाशिकलाच झाला. जेकबचं नाशिक मात्र कुणी सांगत नाही. मला तर पंचवटीतल्या घंटेइतकाच तोही जवळचा वाटतो, कारण दोघंही समुद्रावरच्या सत्तांच्या झटापटीतून इथे येऊन पडले आणि दोघांनाही या गावानं जागा दिली.

मेणवलीला मला वाईच्या एका मित्रानं नेलं. वाईपासून गाव अगदी जवळ, वाटेत उसाची आणि हळदीची शेतं. १७६८ मध्ये पंतप्रतिनिधींकडून हे गाव नाना फडणवीसांना मिळालं आणि नानांनी इथे कृष्णेकाठी वाडा, घाट आणि देवळं बांधली. वाडा सहा चौकांचा आहे, भिंतींवर जुनी चित्रं आहेत, आणि इतिहासकार ज्याला मेणवली दफ्तर म्हणतात ते कागद याच वाड्यातले. हल्लीची मुलं 'स्वदेस' सिनेमातला घाट म्हणून तिथे फोटो काढतात. घाट खरंच देखणा आहे. पायऱ्या अर्धचंद्रासारख्या नदीत उतरतात आणि वर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं आहेत. मेणेश्वराजवळ एक लहानसं दगडी घंटाघर आहे.

त्या घंटेवर १७०७ साल आहे, आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया आहे.

मी चित्रांत ती पाहिलेली होती. तरीही समोर उभा राहिलो तेव्हा बराच वेळ काही बोलता आलं नाही. धातूतून उठवलेली ती आकृती हातभर अंतरावर होती. १७०७ म्हणजे औरंगजेब ज्या वर्षी गेला ते साल. ती घंटा ओतली गेली तेव्हा बाजीराव लहान मुलगा होता. पुढे वसई पडल्यानंतर मेणवली नानांकडे येईपर्यंत २९ वर्षं जायची होती, म्हणजे ही मरिया मध्ये आणखी कुठेतरी राहून मग कृष्णेकाठी आली असणार. आमच्याकडे वसईत रमेदीच्या चर्चमधल्या मरियेच्या पायाशी सगळ्या धर्मांच्या बाया नवस बोलायला येतात. इथे ती स्वतःच शंकराच्या दारी येऊन राहिली आहे.

मित्रानं विचारलं, "वाजवतोस?"

हा प्रश्न मला सोपा नव्हता. आमच्याकडे घंटा वाटेल त्यानं वाजवायची नसते. ते एका माणसाचं काम असतं. तो सगळ्या गावाच्या वतीनं ती वाजवतो, आणि तिचा आवाज चर्चपासून बाहेर, शेतापर्यंत, बंदरापर्यंत जाण्यासाठी असतो. देव माणसांना बोलावतो आहे, असा तो आवाज. देवळात उलट आहे. येणारा प्रत्येकजण स्वतःच्या हातानं घंटा वाजवतो आणि मी आलो आहे, असं देवाला सांगतो. मोठा-लहान, शिकलेला-अडाणी, प्रत्येकाचा एक टोला. १७०७ मध्ये ज्यानं ही घंटा ओतली त्यानं ती पहिल्या कामासाठी ओतली होती. गेली अडीचशे वर्षं ती दुसरं काम करते आहे, आणि दोन्हींत ती माणूस आणि देव यांच्या मधेच उभी आहे. मी लोलक हळूच ओढला. आवाज खोल होता, आणि पाण्यावरून पलीकडे गेला. मग मी तिथेच उभा राहून मरियेची प्रार्थना म्हटली, रोझरीत म्हणतो तीच, मोठ्यानं. मित्र चप्पल काढून बाजूला उभा होता.

शंकराच्या दारात मरियेची प्रार्थना म्हणणं माझ्या श्रद्धेत बसतं का, असं मला नंतर आमच्यातल्या काहींनी विचारलं. मला ते बसतं. मी शंकराची पूजा करायला गेलो नव्हतो, आणि कुणी मला तसं करायला सांगितलंही नाही. मी माझ्या आईजवळ गेलो होतो. ती जिथे आहे तिथे गेलो.

भीमाशंकरची घंटा शनिमंदिरासमोर दोन खांबांच्या मध्ये टांगलेली आहे. श्रावणातल्या सोमवारी तिथे जाऊ नये. गर्दीत घंटा दिसतसुद्धा नाही. पाऊस ओसरल्यावर, धुकं असताना जावं. पायऱ्या उतरत जायचं, आजूबाजूच्या रानात नशीब असेल तर शेकरू दिसतं. या देवळाचं शिखरही नाना फडणवीसांच्या काळचं. इथे मी थोडाच वेळ थांबलो, कारण मागे रांग होती आणि प्रत्येकाला टोला द्यायचा होता. त्या टोल्यांनी ती घंटा एक क्षणही शांत नव्हती. मला त्याचा आनंद झाला. वसईचा रिकामा मनोरा बघून आलेल्या माणसाला तो आनंद कळेल.

आता जे सांगायचं आहे ते सांगितल्याशिवाय ही भटकंती पुरी होत नाही. "आपल्या घंटा नेल्या" हे वाक्य मी आजीच्या तोंडून ऐकलं, पण त्याच्या आधीची आणखी एक हकीकत आहे, ती आमच्या घरात सांगितली जात नव्हती. पोर्तुगीज सत्तेनं देवळं पाडली. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं, आणि त्याच सुमारास सासष्टी-बार्देशातले देव रातोरात नदीपार हलवावे लागले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. वसईच्या मुलखातही देवळं पाडली गेली. वज्रेश्वरीचं देऊळ वसईच्या विजयानंतर नव्यानं बांधलं गेलं, ते चिमाजीअप्पांनी देवीला केलेल्या नवसातून, असं सांगतात. माझ्या पूर्वजांनी ती देवळं पाडली नाहीत. त्यांच्यातले बरेचजण तर त्या काळात नुकतेच ख्रिस्ती झालेले इथलेच शेतकरी आणि कोळी. तरीही ज्या क्रुसाखाली मी गुडघे टेकतो, त्याच क्रुसाच्या नावानं ते झालं. ख्रिस्ती माणसानं हे स्पष्ट शब्दांत म्हणायला हवं, पुन्हा पुन्हा म्हणायला हवं. हे म्हटल्यावरच घंटांबद्दल बोलण्याचा मला अधिकार मिळतो असं मी मानतो.

म्हणून अधूनमधून कुणी विचारतं की या घंटा परत मागाव्यात का, तेव्हा माझं उत्तर ठाम आहे. मागू नयेत. घंटा जिथे वाजते तिथे ती जिवंत असते. गोव्यातच पाहा. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियन मठ ओस पडला, मनोरा ढासळत गेला, तेव्हा त्याची अजस्र घंटा आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये तिथून पणजीच्या मोठ्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये आली. आज पणजीत ती ऐकू येते आणि मनोऱ्याचा फक्त एक भाग उभा आहे. मेणवलीची घंटा परत आणून किल्ल्यातल्या मनोऱ्यात टांगली, तर ती वाजवायला तिथे रोज कोण असेल? पर्यटक असतील. शंकराच्या दारात निदान रोज कुणीतरी मनापासून तिला हात लावतं.

आमचं ख्रिस्तीपणही असंच इथल्या मातीत मुरत आलेलं आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात बसून येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि ते ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. वसईच्या मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं; तो मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. फादर २०२४ मध्ये गेले. या घंटांबद्दल त्यांच्याशी बोलायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

परत नको, पण एक काम नक्की व्हायला हवं. या घंटांवरची अक्षरं झिजत चालली आहेत. रोज हजारो हात लागतात, तेल लागतं, शेंदूर लागतो, कधी हौशीनं ऑइलपेंटही फासला जातो. साल, ओतणाऱ्याची खूण, क्रूस, संताचं नाव, हे सगळं कागदावर उतरवून घ्यायला हवं. प्रत्येक घंटेचा ठसा, माप, नीट काढलेला फोटो आणि जमल्यास आवाजाची नोंदही. वसईच्या धर्मप्रांतानं आणि या देवस्थानांच्या विश्वस्तांनी एकत्र बसून केलं तर हे एका वर्षात होईल. त्याहून मोठी एक इच्छा आहे. फेब्रुवारीत किल्ल्यातल्या चर्चमध्ये संत गोन्सालो गार्सियांचा सण होतो. वसईत जन्मलेला हा माणूस १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मेला. त्या सणाला नाशिकच्या, मेणवलीच्या, भीमाशंकरच्या पुजाऱ्यांना आम्ही घरी जेवायला बोलवावं, आणि ज्या मनोऱ्यांतून त्या घंटा निघाल्या ते त्यांना दाखवावेत.

पाली माझं अजून व्हायचं आहे. बल्लाळेश्वराच्या देवळातली घंटा बाहेरच्या आणि आतल्या गाभाऱ्याच्या मध्ये टांगलेली आहे, असं तिथे जाऊन आलेल्या शेजाऱ्यानं सांगितलं. पाऊस उघडला की तो पुन्हा जाणार आहे, चतुर्थी टाळून. त्याच्याबरोबर मीही निघेन.